शब्दचर्चा: ‘मोल्सवर्थ’ या आडनावाचा अर्थ काय?

विचारणा

जुन्या मराठी शब्दावर वाद झाला की कोणीतरी म्हणतंच, ‘मोल्सवर्थ काढा’. तो मराठी-इंग्रजी कोश जेम्स थॉमस मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याने केला हे माहीत आहे. पण आडनावाचं काय? ‘मोल’ म्हणजे किंमत आणि ‘वर्थ’ म्हणजेही किंमत! एकाच नावात तोच अर्थ दोन भाषांत आला, आणि तोही द्विभाषिक कोश करणाऱ्याच्या नावात. आमच्या वर्गात एका मास्तरांनी हे इतक्या गांभीर्याने सांगितलं होतं की बरीच वर्षं ते खरंच वाटायचं. तर या नावाचा खरा अर्थ काय? तिकडे हे आडनाव सर्रास आढळतं का? आणि उच्चार नेमका कसा करायचा? छापलेलं तर मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेसवर्थ, मोलेसर असं सगळंच दिसतं.

उत्तर

मास्तरांची कोटी झकास आहे, पण ती कोटीच. दोन्ही भाग किमतीचे नाहीत.

हे गावावरून पडलेलं आडनाव आहे. केंब्रिजशर परगण्यात, म्हणजे जुन्या हंटिंग्डनशरमध्ये, मोल्सवर्थ नावाचं एक लहानसं खेडं आहे. इंग्लंड जिंकून राजा झालेल्या नॉर्मन विल्यमने सारा ठरवायला १०८६ साली सगळ्या मुलखाची पाहणी करवली, त्या ‘डूम्सडे बुका’त या गावाची नोंद ‘मोलेसवर्डे’ अशी आहे. म्हणजे गावाचं नाव त्याच्याही आधीचं, अँग्लो-सॅक्सन काळातलं.

नावाची फोड अशी: मूल + एस + वर्थ. ‘मूल’ हे माणसाचं नाव. ‘एस’ हा षष्ठीचा प्रत्यय, आजच्या इंग्रजीत अ‍ॅपॉस्ट्रॉफी लावून जो ‘एस’ लिहितात त्याचा पूर्वज. आणि ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, कुंपणाच्या आतलं घर आणि त्याला लागून असलेली जमीन. मूल नावाच्या माणसाचं कुंपण, एवढाच अर्थ.

किंमत या अर्थाचा ‘वर्थ’ वेगळा आहे. जुन्या इंग्रजीत हे दोन शब्द वेगळे लिहिले जात, पुढे स्पेलिंग एक झालं आणि घोटाळा सुरू झाला. इंग्रज लोकही त्यात फसतात, आपल्या मास्तरांना बोल लावू नका.

‘मूल’ हे नाव मात्र मजेदार आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ खेचर. लॅटिनमधल्या ‘मूलुस’वरून तो आला. माणसाला हे नाव बहुधा आई-बाप वेगवेगळ्या कुळांतले असले म्हणून टोपणनावासारखं पडत असावं. पण त्यात कमीपणा वाटत होता असं दिसत नाही, कारण या नावाचा एक राजाही होऊन गेला. वेसेक्स आणि केंट ही तेव्हा इंग्लंडातली वेगवेगळी राज्यं; वेसेक्सचा राजा कॅडवॉला याचा हा भाऊ. दोघांनी मिळून केंटवर स्वारी केली आणि मूल तिथे गादीवर बसला. केंटच्या रयतेने ६८७ साली त्याला बारा साथीदारांसकट जाळून मारलं. प्रकरण तिथेच मिटलं नाही. वेसेक्सच्या गादीवर पुढे आलेल्या इनी राजाने ६९४ मध्ये केंटकडून या खुनाची भरपाई वसूल केली. आकडा ३० हजारांचा आहे, नाणं कोणतं याबद्दल हस्तलिखितांत एकवाक्यता नाही.

गावाच्या नावातला मूल तो हाच, असं मात्र समजू नका. केंट कुठे आणि हंटिंग्डनशर कुठे! हे नाव त्या काळी चलनात होतं, एवढंच यावरून कळतं. गावचा मूल कोणी साधा जमीनमालक असणार.

शंका

इंग्रजीत ‘मोल’ म्हणजे जमिनीत बिळं करणारा तो प्राणीही. बिळांनी पोखरलेलं कुंपण, असा अर्थ का नसावा? गावाच्या नावात जनावर असणं काही नवलाचं नाही. आपल्याकडे वाघोली आहेच.

उत्तर

जनावर असायला हरकत काहीच नव्हती, पण काळ जुळत नाही. त्या प्राण्याला ‘मोल’ हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो. गावाचं नाव १०८६ मध्ये कागदावर आलेलं आहे. शिवाय मधला ‘एस’ मालकी दाखवतो. ‘मूल’चा आज ‘मोल’ दिसतो तो लिहिणाऱ्यांच्या सवयीमुळे, आणि एकदा तसा लिहिला गेल्यावर त्यात कोणाला प्राणी दिसला, कोणाला अंगावरचा तीळ दिसला, आपल्याला किंमत दिसली.

चेशरमध्ये ‘मोल्ड्सवर्थ’ नावाचं दुसरं एक गाव आहे, त्याच्याशी याची गल्लत करू नये. त्याच्या पहिल्या भागाचा अर्थ टेकडी किंवा उंचवटा असा लावतात. जुन्या नोंदींत स्पेलिंगला धरबंध नसायचा, त्यामुळे एखाद्या घराण्याचं मूळ शोधताना या दोन गावांची सरमिसळ होऊ शकते.

पुरवणी

अर्थ कुंपणाचा निघाला म्हटल्यावर मी थेट मोल्सवर्थच्याच कोशात ‘वाडी’ काढून पाहिला. सर्वांनी पाहावा असा नोंद-नमुना आहे. शब्दापुढे व्युत्पत्ती संस्कृत ‘वाटिका’. पहिला अर्थ दिलाय तो कुंपण घातलेल्या कुरणाचा किंवा बागेच्या तुकड्याचा. दुसरा अर्थ शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, लहान वस्ती. आणि पुढे कोकणाबद्दल खास टीप: तिथली गावं अशा सुट्या सुट्या वस्त्यांची बनलेली असतात, म्हणून विस्कळीत गावाच्या एका भागालाही वाडी म्हणतात. नंतर शहराबाहेरच्या वस्तीच्या भागाचा अर्थ.

आता ‘वर्थ’ या शब्दाचा प्रवास याच्याशेजारी ठेवा. आधी कुंपण, मग कुंपणातलं घर, मग त्या घराभोवती वाढलेली वस्ती, शेवटी गावाच्या नावाचं शेपूट. हुबेहूब वाडीचीच वाट. ‘वर्थ’चं मराठी करायचं तर आवार, वाडगं, मळा असे पाच-सहा शब्द सुचतात, पण आधी कुंपण आणि मग वस्ती हे दोन्ही अर्थ पोटात असलेला एकच: वाडी. साहेबाच्या आडनावाचं चोख मराठी रूप ‘मूलवाडी’ असं होईल, आणि आपल्या रीतीने ‘मूलवाडीकर’. तो अर्थ त्याच्याच कोशात त्याच्याच हातचा लिहिलेला आहे. लिहिताना त्याच्या हे ध्यानात आलं असेल का, याचा विचार करायला मला आवडतं, पण पुरावा शून्य.

‘कर’चं मुद्दाम सांगतो. आपण गावाच्या नावाला ‘कर’ जोडतो. इंग्रजांनी असा प्रत्यय ठेवला नाही. नॉर्मन काळात ‘द मोल्सवर्थ’ असं लिहायचे, हा ‘द’ फ्रेंच, म्हणजे ‘मोल्सवर्थचा’. पुढे तो ‘द’ गळाला आणि माणूस नुसत्या गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. गावाचं नाव आडनाव म्हणून चिकटतं ते गाव सोडणाऱ्याला. चिपळुणात राहून चिपळूणकर म्हणवून घेण्यात काय हशील? तिथे सगळेच चिपळूणचे.

विचारणा

म्हणजे वर्ड्‌सवर्थ हेही असंच? शब्दांची किंमत वगैरे नाही?

उत्तर

नाही! कवीला शोभतं, पण तेही एका माणसाचं कुंपणच. मूळ रूप वॅड्सवर्थ, यॉर्कशरमधलं गाव, ‘वॅडी’ नावाच्या माणसाचं. ‘वॅड’चं ‘वर्ड’ नंतर झालं. जाता जाता: त्या कवीचा नातू, त्याचंही नाव विल्यमच, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राचार्य होता.

मराठीच्या दृष्टीने आणखी जवळचा ‘वर्थ’ म्हणजे अ‍ॅकवर्थ. वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय मुंबईकरांना ठाऊक असतं, ते ज्याच्या नावाने आहे तो हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ. मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर असताना १८९० मध्ये त्याने ते उभं केलं. पोवाड्यांच्या अभ्यासकांना हाच माणूस दुसऱ्या कारणासाठी माहीत असतो. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या बरोबरीने त्याने ऐतिहासिक पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले आणि १८९४ मध्ये त्यातल्या काहींची इंग्रजी रूपांतरं काढली. हे आडनाव यॉर्कशरमधल्या पाँटेफ्रॅक्टजवळच्या अ‍ॅकवर्थ गावाचं. अर्थ साधारणपणे ‘अक्काचं कुंपण’ असा लावतात. हो, अक्काच. पण ही अक्का म्हणजे बाप्या माणूस! जुन्या इंग्रजीत ते पुरुषाचं नाव होतं, आठव्या शतकात हेक्सॅमचा एक बिशप अक्का नावाचा होऊन गेला.

एकाने मराठीचा कोश केला, दुसऱ्याने पोवाडे जमवले, आणि दोघंही मुळात ‘वाडीकर’. यातून सिद्धांत काढू नका.

आणखी एक प्रश्न राहिला: आडनाव किती पसरलेलं आहे?

इंग्लंडातही विरळाच. स्मिथ, टेलर, बेकर ही धंद्यांची आडनावं गावोगाव स्वतंत्रपणे पडली, म्हणून त्यांचा सुकाळ. मोल्सवर्थचं तसं नाही. गाव एक आणि तेही लहान, तिथून बाहेर पडणारे किती असणार? नाव तरी ऐकू येतं ते घराण्याच्या दोन शाखांमुळे.

एक शाखा कॉर्नवॉलमध्ये स्थिरावली. डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीचे हिशेब तपासायला गेलेला जॉन मोल्सवर्थ पेनकॅरो इथे राहिला, आणि १६८९ मध्ये त्या घराण्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. याच घरातला सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) पार्लमेंटात गाजला. तत्त्वज्ञ हॉब्ज याचे समग्र ग्रंथ त्याने संपादून काढले आणि मरणाआधी काही महिने तो वसाहतींचा मंत्री झाला. शब्दांत रस असणाऱ्यांसाठी पेनकॅरोची दुसरीच मिजास आहे. चिली देशातल्या काटेरी पानांच्या एका झाडाला इंग्रजीत ‘मंकी पझल’ म्हणतात, ते नाव इथल्याच बागेत पडलं असं सांगतात. पाहुण्यांपैकी एक वकील म्हणाला, यावर चढायचं म्हणजे माकडालाही कोडं पडेल. झालं.

दुसरी शाखा आयर्लंडची. डब्लिनचा रॉबर्ट मोल्सवर्थ डेन्मार्कच्या दरबारी इंग्लंडचा वकील, म्हणजे राजदूत होता. तिथल्या अनियंत्रित राजसत्तेवर त्याने लिहिलेल्या पुस्तकाने डेनिश दरबार खवळला. १७१६ मध्ये त्याला व्हायकाउंट ही उमरावकीची पदवी मिळाली. साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटून लोक बुडाल्यावर पार्लमेंटात याचं म्हणणं काय, तर बापाचा खून करणाऱ्याला रोमन लोक द्यायचे ती शिक्षा संचालकांना द्या: पोत्यात घालून पोत्याचं तोंड शिवा आणि पाण्यात टाका.

या दोन शाखांनी रस्त्यांना नावं पुरवली. डब्लिनमधली मोल्सवर्थ स्ट्रीट आयर्लंडच्या संसदेसमोर निघते. न्यूझीलंडची संसद वेलिंग्टनमधल्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर आहे, ती सर विल्यमच्या नावाची. पेनकॅरोजवळच्या वेडब्रिजमध्ये बाजारपेठेचा रस्ताच मोल्सवर्थ स्ट्रीट. न्यूझीलंडमधलं सर्वांत मोठं शेत-कुरणही ‘मोल्सवर्थ’, क्षेत्रफळ सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर. कुंपणाएवढ्या नावाने केवढी जमीन व्यापली पाहा.

आणि मूळ गाव? त्याच्या शेजारी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ होता. १९८० च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं आणायचं ठरलं तेव्हा शांततावाद्यांनी तळाबाहेर छावणी टाकली. ती उठवायला फेब्रुवारी १९८५ मध्ये फौजफाटा आला, संरक्षणमंत्री मायकेल हेझल्टाइन जातीने हजर. छावणी उठली आणि तळाभोवती कुंपण पडलं. गावाच्या नावाचा अर्थ माहीत असणाऱ्याला ती बातमी जरा वेगळीच वाचता येते.

उच्चार

इंग्रजी उच्चार ‘मोल्झवर्थ’च्या जवळचा, भर पहिल्या अक्षरावर. मधला ‘ए’ मुका. म्हणून ‘मोलेसवर्थ’ हे स्पेलिंग वाचून केलेलं रूप झालं. ‘मोल्सवर्थ’ मराठीत रुळलंय आणि उच्चारालाही पुरेसं जवळ आहे, तेच लिहावं. ‘मोलेसर’ किंवा ‘मोलेसरशास्त्री’ हे त्याच्या काळातल्या लोकांनी कानाने घडवलेलं रूप. माझा अंदाज, शेवटचा ‘थ’ इंग्रजांच्या तोंडून इतका पुसट निघतो की ऐकणाऱ्याला ‘र’वर शब्द संपल्यासारखा वाटला असावा. ग्रंथालयाच्या यादीत शोधताना ही चारही रूपं घालून पाहा. १८३१ ची पहिली आवृत्ती, १८५७ ची सुमारे ६० हजार शब्दांची दुसरी आणि १९७५ चं पुण्यातलं पुनर्मुद्रण यांच्या नोंदी एकाच स्पेलिंगखाली सापडतील याची खात्री नसते.