बेस वाजवणारे स्वतः काय ऐकतात?

चारतारी_नाशिक:

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून बेस गिटार वाजवतोय. कॉलेजच्या बँडमध्ये गिटारवाले तिघे झाले, बेसला कोणी तयार होईना, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. आता मात्र हातातून सुटत नाही. रोज तासभर मेट्रोनोम लावून बसतो, टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ते आकड्यांत लिहिलेलं) बघून वीसेक गाणी बसवलीत.

परवा आमच्या ड्रमरने विचारलं, "तू कुणाचा बेस ऐकतोस?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मी गाणी ऐकतो, बेस ऐकत नाही. खरं तर मला तो ऐकूच येत नाही. मोबाइलवर गाणं लावलं की गायक येतो, गिटार येते, झांजा येतात, आणि माझंच वाद्य गायब. इंटरनेटवर याद्या ढिगाने आहेत आणि प्रत्येकीत जॅको पॅस्टोरियस असतोच. त्याला ऐकलं, थक्क झालो, पण आपल्या बँडमध्ये काय वाजवायचं ते काही त्यातून उमगलं नाही.

तुमच्यापैकी जे वाजवतात त्यांचा कान कुणामुळे तयार झाला? आणि घरी एकटे असताना काय लावता? याद्या नकोत, तुमचं स्वतःचं सांगा.

वसई_क्वायर:

"गळ्यात पडला" वाचून बीटल्सचा पॉल मॅकार्टनी आठवला. १९६१ साली हॅम्बर्गमध्ये बेस वाजवणाऱ्या स्टुअर्ट सटक्लिफने बँड सोडला, बेस कुणालाच नको होता, शेवटी पॉलने घेतला. व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर कंपनीचा बेस त्याने निवडला, कारण तो दोन्ही बाजूंनी सारखा, डावखुऱ्याने उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही.

ऐकू न येण्याची तुझी तक्रार बीटल्सचीही होती. अमेरिकेच्या तबकड्यांवर बेस भरदार आणि आमच्या तबकड्यांवर एवढा पातळ का, असं ते स्टुडिओतल्या लोकांना विचारायचे. बेस वाढवला तर सुई खाचेतून उडेल ही तबकडी कापणाऱ्यांची भीती. एप्रिल १९६६ मध्ये 'पेपरबॅक रायटर'च्या वेळी तिथल्या इंजिनिअरांनी एक मोठा लाउडस्पीकर उलटा जोडला आणि माइक म्हणून बेसच्या अँपसमोर ठेवला. त्या गाण्यातला बेस मग मोबाइलवरही लपत नाही, लावून बघ.

मी चर्चमध्ये क्वायरला वाजवतो. लहानपणापासून ऑर्गनवाल्याचा डावा हात ऐकत आलो, माझा बेस तिथूनच आला.

खर्ज_मिरज:

मित्रा, तुझ्या ड्रमरने चांगला प्रश्न विचारलाय. सविस्तर लिहितो, सवडीने वाच.

मी १९८८ पासून ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. दिवसा रेल्वेत नोकरी, रात्री जत्रा, गणपती, शिवजयंती. नोकरीची आता दोन वर्षं राहिलीत, बेस त्यानंतरही राहणार आहे.

माझ्या कानाला पहिला बेस लागला तो तंबोऱ्याचा. मिरजेत सतारमेकरांची दुकानं माझ्या शाळेच्या वाटेवर. तिथे एक कारागीर जवारी काढत बसलेले असायचे. घोडीच्या पृष्ठभागावर कानस फिरवायची ती दोनदा, तीनदा, फार नाही. मग तार छेडायची, कान लावायचा, तारेखालचा दोरा नखाने किंचित पुढे सरकवायचा. खर्जाची पितळी तार आधी ठोकळ्यावर हात मारावा तशी मुकी वाजायची. दोरा केसभर सरकला की तीच तार उमलायची, आणि एका सुरातून वरचे कितीतरी सूर बाहेर यायचे. दप्तर घेऊन मी तिथे उभा राहायचो, शाळेला उशीर व्हायचा. खालचा सूर म्हणजे नुसता जाड आवाज नाही, त्याच्या पोटात बाकीचे सूर असतात, हे मला त्या पायरीवर कळलं.

हे मुद्दाम सांगतोय, कारण तुझ्या मोबाइलचं कोडं इथेच सुटतं. बेसची सगळ्यात खालची मोकळी तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला ती झेपत नाहीत. पण त्याच सुराच्या पोटातली ८२, १२३, १६४ ही वरची कंपनं थोडीफार निसटून येतात आणि त्यांवरून मेंदू खालचा सूर मनातच रचतो. ज्याच्या बेसमध्ये हे वरचे सूर ठसठशीत आहेत तो छोट्या स्पीकरवरही सापडतो, बाकीचे बुडतात. म्हणून आधी वायरचा, कान झाकणारा साधा हेडफोन घे. महागडा नको.

आता माणसाबद्दल. १९९१ साली बोटीवर नोकरीला असलेल्या मावसभावाने एक कॅसेट आणली, डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची गाणी. घरच्या टू-इन-वनवर ती मी महिनाभर वाजवली, आवाज चांगले आहेत एवढंच वाटलं. मग सांगलीला एका कार्यक्रमाआधी साउंड तपासायला तीच कॅसेट ऑर्केस्ट्राच्या पंधरा इंची स्पीकरवर लावली. मी स्टेजवर वायरी गुंडाळत होतो. फोर टॉप्सचं 'बर्नाडेट' सुरू झालं आणि पायाखालच्या फळ्या बोलायला लागल्या. वायर हातातच राहिली. महिनाभर ऐकलेल्या गाण्यात एक अख्खा माणूस दडून बसला होता आणि मला पत्ता नव्हता.

तोवर मी बेस वाजवायचो तो असा: सा, प, सा, प, कॉर्ड बदलली की पुढचा सा. हा माणूस गायकाच्या दोन ओळींच्या मधल्या फटीत बोलत होता, तालाच्या जरा आधी पाऊल टाकत होता, आणि तरीही गाणं कुठे डगमगत नव्हतं. त्या गाण्याच्या शेवटाकडे सगळी वाद्यं एकदम थांबतात. क्षणभर काहीच नाही. गायक एकटा हाक मारतो आणि सगळे परत येतात. ती जागा हेडफोनवर ऐक. आतापर्यंत बेस काय करत होता ते तो थांबल्यावर कळतं.

कॅसेटच्या कव्हरवर गायकांची नावं होती, वाजवणाऱ्यांची नव्हती. तेव्हा मोटाउनच्या तबकड्यांवरही ती नसायची. बारा वर्षं मी त्या माणसाकडून शिकलो, रोज, त्याचं नाव माहीत नसताना. २००३ साली एका मित्राकडे मोटाउनच्या वादकांवरचा, आदल्या वर्षी आलेला माहितीपट पाहिला तेव्हा नाव कळलं: जेम्स जेमर्सन. आणि त्याच संध्याकाळी कळलं की ते १९८३ मध्येच गेले, ४७ व्या वर्षी. माझ्या हातात कॅसेट आली त्याच्या आठ वर्षं आधी. त्या दिवशी मला जवळचं माणूस गेल्यासारखं वाटलं. अजून वाटतं.

ते मूळचे डबल बेसवाले (उभा धरायचा, व्हायोलिनसारखा मोठा बेस), शाळेत तोच शिकले. इलेक्ट्रिक बेस हातात आला तरी उजव्या हाताची एकच तर्जनी वापरायचे. त्या बोटाला 'द हुक' असं नावच पडलं होतं. १९६२ सालचा फेंडर प्रिसिजन बेस, त्यावर जाड, सपाट वळणाच्या तारा, पुलाच्या (तारा टेकतात त्या घोडीच्या) झाकणाखाली फोमचा तुकडा. आणि तारा तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत.

हे कळलं तेव्हा मला आईचं पातेलं आठवलं. आमच्याकडे बेसच्या तारा मिळायच्या नाहीत, मुंबईहून मागवायच्या तर अर्ध्या पगाराचं काम. म्हणून दोन-तीन महिन्यांनी तारा सोडून मी पाण्यात दहा मिनिटं उकळायचो. वेटोळ्यांत अडकलेला घाम आणि मळ निघून पाण्यावर करडा तवंग यायचा. तारा कोरड्या पुसून चढवल्या की आठवडाभर आवाज लखलखीत. आईने ते पातेलं स्वयंपाकातून कायमचं काढून मला देऊन टाकलं होतं. आणि इकडे जेमर्सनना तोच मळ हवा होता! मी उकळणं बंद केलं. जुन्या स्लिपरचा स्पंज बोटभर कापून पुलाजवळ तारांखाली सरकवला. सूर लांबायचा थांबला, 'धुम्' असा गोल पडायला लागला, पखवाजाच्या धुमेसारखा. तो स्पंज बदलत बदलत आजही तिथे आहे.

त्यांच्यापासूनच सुरुवात कर म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. मोटाउनच्या स्टुडिओत बेस अँपसमोर माइक ठेवून नाही, सरळ मिक्सरमध्ये घेतला जायचा. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर, ऐकणारा गाडीत बसून रेडिओ ऐकणार, म्हणून मिक्स झालं की ते छोट्या, कारच्या रेडिओसारख्या स्पीकरवर ऐकून बघायचे. म्हणजे तुझ्यासारख्याला ऐकू यावं याची काळजी तिथे आधीच घेतली होती. १९७१ साली मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर जेमर्सन यांचं नाव अखेर छापलं गेलं, 'अतुलनीय' असं विशेषण लावून. तो अल्बम सलग ऐक, मध्ये थांबू नकोस.

जॅकोबद्दल. तुला तो कळला नाही असं नाही, तू त्याला फार लवकर भेटलास. त्याच्या जॅझ बेसचे (फेंडरचंच एक मॉडेल) पडदे काढलेले, खाचा भरलेल्या आणि पट्टीवर बोटीला लावतात तसला इपॉक्सी चढवलेला. बिनपडद्याच्या पट्टीला तार घासत कंप पावते तेव्हा जो 'म्वाँ' असा सूर निघतो, तो मी पहिल्यांदा ऐकला आणि थेट शाळेच्या वाटेवर पोचलो. ती जवारी आहे. सपाटीवर हलकेच घासणारी तार, तेच तंत्र. त्याचा १९७६ चा पहिला अल्बम आणखी वर्षभराने ऐक. तोवर त्याचा वेग बाजूला ठेव, एकेक सूर कसा उमलतो तेवढंच बघ.

चारतारी_नाशिक:

काका, काय लिहू. काल दोनदा वाचलं. भावाचा हेडफोन लावून 'बर्नाडेट' ऐकलं, ती थांबायची जागा पाच वेळा. तुम्ही म्हणता तसंच झालं. मग आमच्या बँडचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं तर मी पूर्ण गाणंभर एकदाही थांबलेलो नाही, एकही फट सोडलेली नाही. ड्रमर त्यासाठीच विचारत होता की काय?

दोन शंका. तुम्ही एका बोटाने वाजवता का? आणि घरी सध्या काय लावता ते राहिलं.

पुणे_प्रिसिजन:

बोटांवरून मध्येच घुसते. मी पिकने (तार छेडायच्या छोट्या पत्तीने) वाजवते आणि त्यावरून पुष्कळ ऐकून घेतलंय, "खरे बेसवाले पिक धरत नाहीत" वगैरे. कॅरोल के यांना ऐक. त्या मूळच्या गिटारवाल्या. १९६३ मध्ये हॉलिवूडला कॅपिटल कंपनीच्या एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही म्हणून त्यांच्या हाती बेस दिला. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत त्यांनी आयुष्य काढलं, सगळं पिकने. बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'वरही त्या आहेत. पिकचा टोकदार ठोका छोट्या स्पीकरवर स्पष्ट येतो, म्हणजे तुझा मूळ प्रश्नही इथे सुटतो.

आणि आपल्या मुंबईची मोहिनी डे. तिचे वडील सुजॉय डे बेसवादक, त्यांनीच तिला घडवलं. दक्षिणेतले कोन्नकोलचे बोल ती तोंडाने म्हणते आणि तेच बोल बेसवर काढते. ती रहमानबरोबर वाजवताना पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी अकरावीत होते. दुसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं, मला हेच शिकायचंय. दुसरं काही सुचलंच नाही.

खर्ज_मिरज:

ताई, छान लिहिलंत. पिक, बोट, अंगठा, ज्याला जे मानवेल ते. मी दोन बोटं वापरतो. एका बोटाने वर्षभर प्रयत्न केला, हात भरून यायचा. आपल्याला घ्यायचं ते जेमर्सन यांचं ऐकणं, बोट नव्हे.

फटीबद्दल बरोबर ओळखलंस. त्यासाठी बॉब मार्लेचा बँड, वेलर्स, ऐक. बेसवर ॲस्टन बॅरेट, ड्रमवर त्यांचा सख्खा भाऊ कार्लटन. त्यांच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सोडतात, आपण सम म्हणून जिथे धाडकन पडतो तीच! किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) येते तिसऱ्या मात्रेवर. मला सवय व्हायला दोन महिने लागले, पाय आपोआप पहिलीवर पडायचा. असा सराव कर: गाणं लाव, बेस मांडीवर घे आणि वाजवू नकोस. ते जिथे गप्प राहतात तिथे फक्त टाळी दे.

एकदा एका मोठ्या हॉलमध्ये साउंडवाल्याने माझा बेस पूर्ण खाली ओढला होता. मला स्टेजवर ऐकू येत होता, बाहेर काहीच जात नव्हता. लोकांना कळलं नाही काय बिघडलंय, पण टाळ्या विस्कटल्या, आणि गाणारी बाई गाता गाता मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. चेहऱ्यावर भीती होती. तिसऱ्या गाण्याला आमच्या कीबोर्डवाल्याने धावत जाऊन तो वर केला. ती नजर मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी गायकाचा श्वास ऐकून वाजवायला लागलो.

घरी काय ऐकतो? पहाटे तंबोरा, नुसता, वीस मिनिटं, त्यावर कुणी गात नसतं. ड्यूटीवर जाताना आर. डी. बर्मन. त्यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे. गोव्याच्या चर्चशाळांत शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या सिनेसंगीताचा तळ कसा भरला ते वसईकर माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, त्यांनी लिहावं. रहमानच्या गाण्यांत चेन्नईचे कीथ पीटर्स. आणि रविवारी दुपारी, बायको झोपली की, तीच १९९१ ची कॅसेट. फीत दोन ठिकाणी तुटून चिकटवली आहे, 'बर्नाडेट'च्या थांबण्याच्या जागेनंतर अर्धा सेकंद गळतो. मला आता ते गाणं तसंच पाठ आहे.

तुमच्या बँडचं ते रेकॉर्डिंग इथे चढव. ड्रमरला सांग, फक्त किक आणि बेस असं दोघांनी मिळून एक गाणं वाजवा, गिटारवाल्यांना बाहेर बसवा, आणि तेही पाठव. शनिवारी माझी रात्रपाळी नाही.

चारतारी_नाशिक:

शुक्रवारी प्रॅक्टिस आहे, तेव्हाच करतो. स्पंज कुठल्या स्लिपरचा, मऊ की कडक?

खर्ज_मिरज:

मऊ. निळ्या पट्टीच्या पांढऱ्या स्लिपरचा. टाचेकडचा भाग घेऊ नकोस, तो दबून कडक झालेला असतो.