मदत हवी आहे: ‘बाई, ज्यातून काहीच निघालं नाही त्याची यादी कुठाय?’

नमस्कार मंडळी,

मी शाळेत विज्ञान शिकवते. पुढच्या आठवड्यात नववीच्या मुलांचा वादविवाद आहे. विषय: ‘ज्या संशोधनाचा उपयोग दिसत नाही, त्यावर सरकारने पैसा घालू नये.’ विरोधात बोलणाऱ्या गटाची तयारी माझ्याकडे आली आणि तिथेच मी अडकले.

उदाहरणं मी भरपूर काढली होती. थॉमस ब्रॉक १९६०च्या दशकात सरकारी अनुदानावर यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत काय जगतं ते बघायला गेले. तिथे सापडलेल्या ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ जिवाणूचं विकर (एन्झाइम) पुढे पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीसाठी, वापरात आलं. पीसीआरमध्ये दर फेरीला नमुना सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवतात, त्यात साधं विकर टिकत नाही, हे टिकतं. मग वर्ल्ड वाइड वेब: १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत जन्म, १९९३ मध्ये सर्वांना फुकट खुलं. सर्नचा खर्च सदस्य देशांच्या तिजोरीतून चालतो.

मी खुशीत होते. तेवढ्यात माझ्याच गटातल्या मुलीने शीर्षकातला प्रश्न विचारला. ही सगळी जिंकलेल्यांची नावं आहेत, म्हणाली. खरंच आहे की! मला उत्तर सुचलं नाही.

शिवाय समोरचा गट अमेरिकेतल्या सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडरचा, म्हणजे सूक्ष्म कण एकमेकांवर आदळवणाऱ्या महाकाय यंत्राच्या प्रकल्पाचा, विषय काढणार, हे नक्की. सुमारे २ अब्ज डॉलर खर्च झाल्यावर १९९३ मध्ये तिथल्या संसदेने तो प्रकल्प अर्धवटच बंद केला. आणि ते हेही म्हणणार की आधी शाळांच्या प्रयोगशाळा सुधारा. आमच्याकडे एका सूक्ष्मदर्शकामागे दहा मुलं रांगेत असतात, त्यामुळे या मुद्द्याला मलाच टाळी द्यावीशी वाटते.

मुलांना पटेल आणि खोटंही नसेल, असं काय सांगू?

प्रतिसाद १
मुलीचं म्हणणं आधी मान्य करून टाका. बरंचसं संशोधन कुठेच पोचत नाही. प्रश्न एवढाच की कुठलं पोचेल हे आधी कोण ओळखणार? शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांचे एमआरएनएवरचे (पुढे कोविडच्या लसींत वापरला गेलेला रेणू) अनुदान-अर्ज वर्षानुवर्षं नाकारले गेले, नाकारणारे त्या क्षेत्रातलेच जाणकार होते. २०२३ मध्ये कारिको यांना त्याच कामासाठी नोबेल मिळालं. म्हणून पैसा एका दाण्यावर न लावता अख्ख्या पेरणीवर लावावा लागतो. कंपनी हे करत नाही, कारण मूलभूत ज्ञान कुंपणात राहत नाही. पेरणार ती, कापणी सगळ्यांची.

आणि कोलायडरला घाबरू नका. तो प्रयोग फसला नाही, तो झालाच नाही. तसल्याच यंत्रातून हिग्ज बोसॉन हा मूलकण २०१२ मध्ये सर्नला सापडला. अर्धवट सोडलेल्या कामाचा दोष कामाला कसा लावणार?

धागाकर्ती
‘झालाच नाही’ हे वाक्य चोरते आहे, राग मानू नका. पेरणीचंही चालेल, पण मुलगी विचारणार की बियाणं किती आणि शेत किती, म्हणजे किती पैसा पुरेसा? त्याचं काय?

सूक्ष्मदर्शकाच्या रांगेला मात्र तुम्हीही बगल दिलीत. कोणी शाळेच्या बाजूने बोलेल का?

प्रतिसाद २
बोलतो. ‘हे की ते’ हा सवालच समोरच्या गटाला करू देऊ नका. त्यांना विचारा, संशोधनाचं अनुदान कापलं तर ते पैसे शाळेकडेच वळतील याची हमी कोण देतं? आणि रांगेतल्या दहांपैकी एखादीला पुढे संशोधनच करायचं असेल, तर ती जाणार कुठे?