मदत हवी आहे : प्लान वाढवला, पैसे वाढले, स्पीड तिथंच

मनीषनगरवाला (रात्री ११:४८)
भाऊ लोकहो, डोकं फिरून राहिलं आहे. मागच्या महिन्यात इंटरनेटचा प्लान डबल करून घेतला तरी ११.२ च्या वर काही जाऊन नाही राहिलं. आज पोट्ट्यानं ४० जीबीचा गेम लावला, मी हिशोब केला होता साडेतीन मिनिटांत होईल, जेवण झालं, भांडी झाली, तासाभरानं संपला तो. कस्टमर केअरवाली म्हणते सर आमच्याकडून फुल स्पीड आहे. रोज तेच म्हणते. लवकर सांगा, नाहीतर सकाळी कनेक्शनच कापतो.

बर्डीकर (११:५५)
११.२ काय? किलो का क्विंटल? कुठं दिसून राहिलं, वायफायवर का वायरवर? आणि प्लान कितीचा?

मनीषनगरवाला (११:५७)
११.२ एमबीपीएस. कॉम्प्युटरवर.

बर्डीकर (११:५८)
छोटा बी का मोठा बी?

मनीषनगरवाला (११:५९)
देवनागरीत छोटा बी कुठून आणू बाप्पा?

सावजीप्रेमी (रात्री १२:०६)
हाच तर घोळ आहे सगळा. इंग्रजीत छोटा बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाईट, आणि ८ बिटचा १ बाईट. कंपनी प्लान विकते सेकंदाला किती मेगाबिट या हिशोबात, डाऊनलोडची खिडकी दाखवते मेगाबाईटमध्ये. १०० चा प्लान भागिले ८ केला की १२.५ येतात, डेटा छोट्या पाकिटांमधून येतो, त्यातून थोडं त्या पाकिटांवरच्या पत्त्यांमध्ये वगैरे जातं, राहिले साडेअकरा. म्हणजे तुम्हाला अगदी बरोबर स्पीड येऊन राहिला आहे. झोपा आता. ॲडमिन, धागा बंद करा.

कूलरवाला_त्रिमूर्तीनगर (१२:११)
राऊटर कुठं ठेवला आहे? मागच्या नवतप्यात माझा राऊटर कूलरच्या बाजूला खिडकीत होता, खालून शिंतोडे अन वरून ऊन, दिवसातून चारदा बंद पडायचा. आधी तो उचला तिथून. बाकी बिट-बाईट नंतर.

आजोबा_टेलिफोनवाले (१२:२४)
मी खात्यात होतो, म्हणून सांगतो. तारेवरून एकामागून एक खुणा जातात, त्यामुळे लाईनवाले पहिल्यापासून बिटच मोजत आले. तारयंत्राच्या काळातला बोदो नावाचा फ्रेंच माणूस, त्याच्या नावावरून सेकंदाला किती खुणा ते मोजायचं बॉड हे एकक आलं. बाईट हा कॉम्प्युटरवाल्यांचा, आणि पूर्वी तो दरवेळी आठाचाच असायचा असंही नाही, सहा बिटांचेही असत. मग लाईनवाल्यांनी त्यांच्या बाईटमध्ये का मोजावं? कंपन्या मोठा आकडा दिसावा म्हणून बिट वापरतात असं पोरं म्हणतात, आता त्यांना ते सोयीचं पडतं हे खरं, पण रीत त्यांनी नाही काढली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं आपल्याकडे इंटरनेट सुरू केलं, पुढं आमच्या घरी ५६ किलोबिटचा मोडेम आला, भागिले ८ म्हणजे ७ किलोबाईट, आणि मिळायचे चार-साडेचार, तेही घरात कोणी फोन उचलला नाही तर. सरकारी व्याख्येत आधी ५१२ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणत, २०२३ पासून किमान २ मेगाबिट लागतात. आणि तुम्ही लोक ११ मेगाबाईटवर रडता.

सावजीप्रेमी (१२:३१)
काका, नमस्कार. पण मनीषनगरवाले, तुमचे साडेतीन मिनिटं कुठून आले ते सांगा. आणि ४० जीबी म्हणजे ४०,९६० एमबी बरं, १०२४ नं गुणायचं.

कोथरूडची_पाहुणी (१२:३७)
वेगाच्या बाबतीत १०२४ येत नाही हो. मेगाबिट म्हणजे सरळ दहा लाख बिट. १०२४ च्या हिशोबाला १९९८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिलेली आहेत. विंडोज अजूनही १०२४ नं मोजतं आणि पुढे जीबीच लिहितं, म्हणून १ टीबीची डिस्क घरी आणल्यावर ९३१ दिसते.

सावजीप्रेमी (१२:४०)
मेबीबाईट म्हणून दाखवा बर्डीवरच्या कोणत्याही दुकानात, दुकानदार चहा पाजून परत पाठवतो.

कोथरूडची_पाहुणी (१२:४१)
दुकानदाराला माहीत नाही म्हणून आकडा बदलत नाही.

मनीषनगरवाला (१२:४४)
तुमची भांडणं नंतर करा ना भाऊ. हिशोब सोपा आहे, ४०,००० भागिले २००. दोनशे सेकंद.

बर्डीकर (१२:४५)
थांबा थांबा. दोनशे?? प्लान २०० चा आहे? हे आत्ता सांगून राहिले तुम्ही?

मनीषनगरवाला (१२:४६)
डबल केला म्हणून सांगितलं ना पहिल्याच ओळीत. १०० चा २०० केला.

सावजीप्रेमी (१२:४९)
हे मला काय माहीत बावा. २०० असेल तर २५ च्या आसपास यायला पाहिजे. माझं उत्तर १०० साठी बरोबर होतं.

कूलरवाला_त्रिमूर्तीनगर (१२:५०)
म्हणून म्हणून राहिलो, राऊटर गरम.

वायरमन_नंदनवन (१२:५८)
गरम-बिरम काही नाही. तीन गोष्टी सांगा. वायर लावून स्पीड टेस्ट किती? मोबाईल ५ गिगाहर्ट्झवाल्या वायफायला जोडून, राऊटरच्या शेजारी उभं राहून किती? आणि विंडोजमध्ये इथरनेटच्या, म्हणजे वायरच्या जोडणीच्या, स्टेटसमध्ये स्पीडसमोर काय लिहिलं आहे?

मनीषनगरवाला (रात्री १:०९)
वायरवर ९४. मोबाईलवर १८८!! हे काऊन? वायर तर फास्ट पाहिजे ना? अन स्टेटसमध्ये १०० एमबीपीएस, छोटा बी आहे, चष्मा लावून पाहिला.

वायरमन_नंदनवन (१:१७)
९४ म्हटलं की समजून जायचं, १०० वर अडकलेल्या वायरीवर स्पीड टेस्ट तिथंच येऊन थांबते. तुमच्या राऊटरपर्यंत २०० येऊन राहिले, मोबाईल त्याचा पुरावा. राऊटर ते कॉम्प्युटर या तुकड्यात गडबड आहे. १०० मेगाबिटला दोन जोड्या म्हणजे चार तारा पुरतात, एक गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, आठही लागतात. त्या जास्तीच्या चारांतली एक जरी तार तुटली तर बहुतेक वेळा पोर्ट गपचूप १०० वर येतात, कोणाला सांगत नाहीत. १०० चा प्लान होता तोवर तुम्हाला कळायचं काही कारणच नव्हतं. वायरीच्या टोकाची क्लिप पोर्टमधून काढा, ती पारदर्शक असते, टॉर्च मारून रंग मोजा.

मनीषनगरवाला (१:३१)
भाऊ!! चारच आहेत. नारंगी, नारंगी-पांढरी, हिरवी, हिरवी-पांढरी. निळ्या अन तपकिरी तारा क्लिपच्या मागंच कात्रीनं कापल्या आहेत, त्यांची टोकं काळ्या आवरणातून बाहेर दिसून राहिली. क्लिपमधल्या चार खाचा रिकाम्या. ज्या माणसानं लावली त्यानं वरून ३०० रुपये घेतले होते माझ्याकडून.

वायरमन_नंदनवन (१:३४)
जुन्या सवयीचा असेल. पूर्वी चारांत काम भागायचं, पटकन होते क्लिप. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची तयार केबल आणा, नवा प्लान-बिलान नको.

बर्डीकर (१:३६)
केबल आणायला या आमच्याकडे, संध्याकाळी पार्किंगचं मात्र मी काही सांगू शकत नाही.

आजोबा_टेलिफोनवाले (सकाळी ५:४०)
तारा कापणाऱ्याला आमच्या वेळी मेमो मिळायचा.

मनीषनगरवाला (रात्री ८:१५)
केबल बदलली. स्टेटसमध्ये आता १ जीबीपीएस लिहून येते, स्पीड टेस्ट १९१, डाऊनलोड २२.७. वायरमन भाऊ, तर्री-पोहे माझ्याकडून. फक्त एक सांगा, मग ते साडेतीन मिनिटं कधी होतील?

सावजीप्रेमी (८:२२)
२०० मेगाबाईट पाहिजे तर गुणिले ८, म्हणजे १६०० मेगाबिटचा प्लान. आणि तुमचा पोर्ट १००० चा आहे, म्हणजे परत अडकले. तुमच्या ४० जीबीला आता अर्धा तास लागेल. तेवढ्यात जेवण होते.

कोथरूडची_पाहुणी (८:२६)
४० जीबी का ४० गिबी, तेवढं बघा.

सावजीप्रेमी (८:२७)
हात जोडले ताई.

कूलरवाला_त्रिमूर्तीनगर (८:४०)
राऊटर हलवला का नाही?

बर्डीकर (८:५२)
ते सोडा. गेम कोणता आहे ते कोणी विचारलंच नाही.