कोर्लई ही नुसती चौकी नव्हती

रायगड जिल्ह्यातला कोर्लई किल्ला म्हणजे समोरच्या रेवदंड्याच्या कोटाची नुसती टेहळणीची चौकी, असं म्हटलं जातं. हे मत मला पटत नाही. नकाशात कुंडलिका नदीचं मुख पाहा. रेवदंडा सपाटीवर आणि समोरच्या काठावर ही डोंगराची सोंड समुद्रात घुसलेली. तिच्यावर ज्याच्या तोफा, खाडी त्याची. निजामशाहीने नेमकं हेच ओळखून हा डोंगर लढता केला होता. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये मोठी लढाई देऊन तो घेतला, तेव्हा कुठे रेवदंड्याला लागून असलेलं त्यांचं चौलचं बंदर सुरक्षित झालं.

बांधणीत तर अक्कल ठासून भरली आहे. माथा अरुंद आणि लांबट, त्यामुळे चौफेर पसरायला जागाच नाही. म्हणून आडव्या भिंती घालून किल्ल्याचे एकामागून एक कप्पे पाडले, प्रत्येकाला स्वतंत्र दरवाजा. एक कप्पा पडला तरी पुढच्यातून लढता येतं. सह्याद्रीतल्या गडांवर कड्यांचा आधार असतो. इथे ते काम या भिंती करतात. वर पाण्याचं टाकं आहे, छप्पर गेलेलं चर्च आहे, पोर्तुगीज शिलालेखही आहेत. उत्तरेचं टोक मात्र चुकवू नका, तिथे तटबंदी थेट पाण्यालगत उतरते. बहुतेक जण माथ्यावरूनच परत फिरतात, याचं वाईट वाटतं.

१७४० मध्ये पोर्तुगीजांशी झालेल्या तहाने चौलबरोबर कोर्लईही मराठ्यांकडे आली. पायथ्याच्या गावात पोर्तुगीजमिश्रित बोली आजही घरात बोलली जाते. शिलालेखांइतकंच तिचंही जतन व्हायला हवं.