मोर्चेकरी, आंदोलक की जमाव?

एकाच मोर्चाची बातमी वाचताना गंमत वाटते. निघताना ती माणसं 'मोर्चेकरी' असतात, मैदानात पोचली की 'आंदोलक' होतात आणि कुठे एखादा दगड पडला की त्यांचा 'जमाव' होतो. निवेदन घेऊन आत गेलेले पाचजण मात्र 'शिष्टमंडळ'. माणसं तीच. कोशात या शब्दांचे अर्थ शेजारी शेजारी सापडतील, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दर वेळी वेगळा माणूस उभा राहतो. हे कशामुळे होतं? आणि तुम्ही स्वतः बोलताना कोणता शब्द वापरता? खाली प्रत्येक उपशीर्षकाखाली वेगवेगळ्या माणसाचं उत्तर आहे.

शेपूट बघा

मला वाटतं, सगळी गोम प्रत्ययात आहे. 'मोर्चेकरी'मधला -करी म्हणजे शेतकरी, वारकरी, गावकरी यांच्यातला -करी. आपल्यातलाच कुणीतरी, आज मोर्चाला आलाय, उद्या घरी जाईल. 'आंदोलक' हा कोरा शब्द, पोलिसांच्या प्रेसनोटला शोभणारा. 'हुल्लडबाज' आणि 'दंगेखोर' म्हटलं की निकाल लागलेलाच असतो, बातमी पुढे वाचायची गरज नाही.

आणि सगळ्यात ताजा -जीवी. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यसभेत पंतप्रधानांनी 'आंदोलनजीवी' हा शब्द वापरला. दिल्लीच्या सीमांवर तेव्हा शेतकरी बसले होते. श्रमजीवी, बुद्धिजीवी यांच्या पंगतीत त्यांनी तो बसवला खरा, पण पाठोपाठ 'परजीवी'ही आला. म्हणजे आंदोलन हा याचा धंदा, पोट त्याच्यावर चालतं, असा अर्थ.

याच्या उलट टोक म्हणजे मार्च २०१८. किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आला. दहावीची परीक्षा चालू होती. मुलांची अडचण नको म्हणून ही माणसं सोमय्या मैदानात मुक्काम न करता रातोरात चालत आझाद मैदानात पोचली. मुंबईकरांनी पाणी दिलं, जेवण दिलं, पायात घालायला चपला दिल्या. त्या दिवसांत माझ्या कानावर तरी 'आंदोलक' फारसा आला नाही. 'शेतकरी' एवढंच. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारांनी त्या मोर्चाचा संबंध शहरी माओवादाशी जोडून पाहिला, पण लोकांनी तो शब्द उचलला नाही.

मग मारेकरी?

प्रत्ययावर एवढा भार टाकू नका हो. -करी जिव्हाळ्याचा म्हणता, मग 'मारेकरी' कुणाच्या घरचा? 'संपकरी' हा शब्द बस न मिळालेला माणूस कोणत्या सुरात उच्चारतो तेही एकदा स्टँडवर उभं राहून ऐका. -खोरचंही तसंच. कवीला 'बंडखोर' म्हटलं तर ते कौतुक, आणि निवडणूक आली की तिकीट कापलेला प्रत्येकजण बंडखोर. 'आंदोलनजीवी' तर शेतकरी संघटनांनी 'होय, आहोत, अभिमान आहे' म्हणून मिरवला. शिवीचं बिरुद व्हायला वेळ लागत नाही.

लोकांची नजर बघायची तर क्रियापदं बघा. त्यातही 'वेठीस धरणे'. कुठलाही संप, कुठलाही बंद, कुठलाही रास्ता रोको घ्या: प्रवाशांना वेठीस धरलं, रुग्णांना वेठीस धरलं, विद्यार्थ्यांना वेठीस धरलं. २०२१-२२ मध्ये राज्य सरकारमधल्या विलीनीकरणासाठी एसटीचा संप काही महिने चालला तेव्हा या वाक्प्रचाराला उसंत नव्हती.

आता 'वेठ' म्हणजे काय? संस्कृत 'विष्टि' वरून आलेला हा शब्द. सरकारनं, पाटलानं, वतनदारानं रयतेकडून बिनमोल करून घेतलेलं काम म्हणजे वेठ. ओझी वाहा, लाकडं फोडा, सांगितलेला निरोप घेऊन पुढच्या गावी पळा. वेठबिगार तो हाच. वेठीला धरणारा नेहमी वरचा, धरला जाणारा खालचा. आज वाक्प्रचार नेमका उलटा फिरलाय: पगार थकलेला कंडक्टर वेठीस धरतो आणि त्याच्यावर वैतागलेला बँकेतला साहेब धरला जातो! ज्यांच्या आज्यापणज्यांनी खरी वेठ केली, त्यांच्याच नातवंडांवर हा आरोप बहुतेक वेळा होतो, आणि आपण तो न अडखळता वाचून पुढे जातो. माझ्या मते मराठीत मोर्चेकऱ्यांविषयीचा राग कुठल्याही नामापेक्षा या दोन शब्दांत जास्त साठलाय.

पण गैरसोय खरीच असते

वेठीचा इतिहास मान्य, तरी एक सांगा. डायलिसिसला निघालेला माणूस बंदमध्ये अडकला तर त्यानं काय म्हणायचं? त्याला 'वेठीस धरलं' याच्याइतका नेमका शब्द दुसरा नाही. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं पुढच्या वर्षी शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी वीस लाखांचा दंड केला होता. बंद पुकारणारे दर वेळी खालचेच असतात असं नाही. वरच्यांनी पुकारलेल्या बंदात तुमचा वेठीचा अर्थ जसाच्या तसा लागू पडतो.

येणे आणि उतरणे

प्रत्यय आणि वेठ या दोन्ही मुद्द्यांत न आलेली जोडी: 'रस्त्यावर येणे' आणि 'रस्त्यावर उतरणे'. गिरणी बंद पडली, कामगार रस्त्यावर आले, म्हणजे देशोधडीला लागले. कामगार रस्त्यावर उतरले, म्हणजे लढायला. 'उतरणे'मध्ये आखाडा आहे, मैदान आहे, स्वतःच्या मर्जीनं टाकलेलं पाऊल आहे. १९८२ च्या गिरणी संपाबद्दल बोलताना जुने गिरणगावकर ही दोन्ही क्रियापदं वापरतात, आधी उतरलो, मग आलो.

'मोर्चा' तर मुळात लढाईतलाच. किल्ल्याला मोर्चे लावणे म्हणजे तोफांच्या जागा बांधून वेढा आवळणे. 'मोर्चेबांधणी'त तो अर्थ अजून जिवंत आहे.

अवांतर: धरणे आणि हरताळ

धरणे हा मूळचा सावकाराचा आणि पगार थकलेल्या शिपायाचा मार्ग. देणेकऱ्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसायचं, म्हणजे पाप त्याच्या माथी. २०२४ पर्यंत लागू असलेल्या, १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०८ मधलं पहिलं उदाहरणच दारात धरणं धरणाऱ्याचं होतं, देवाच्या कोपाची भीती घालणं हा गुन्हा म्हणून. आता जिल्हाधिकारी कचेरीसमोर मांडव घालून बसणाऱ्यांच्या धरण्यात देव उरलेला नाही, दार मात्र आहे.

आणि 'कायद्याला हरताळ फासला' यातल्या हरताळाचा दुकानं बंद ठेवण्याशी संबंध नाही. तो पिवळा हरताळ, पोथीतली चुकलेली अक्षरं झाकायला फासत ते द्रव्य. बंदवाला हरताळ 'हट्ट' म्हणजे बाजार, त्याला लागलेल्या टाळ्यावरून आला. दोघांची गल्लत अग्रलेखातही दिसते.

एक शंका

-करी वर एवढं बोलणं झालं म्हणून विचारते. शेतकरीण आहे, माळकरीण आहे. सत्तरीच्या दशकात महागाईविरोधात लाटणी घेऊन मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका निघाल्या, पाण्यासाठी हंडा मोर्चे तर आजही निघतात. तरी 'मोर्चेकरीण' मी कधी ऐकलेलं नाही, छापलेलंही पाहिलं नाही. 'मोर्चेकरी महिला' किंवा नुसत्या 'महिला'. तुमच्या भागात बोलण्यात कुणी म्हणतं का?