सगळ्यांचा मिळून एक रिमोट : तुमच्या घरी कसा चालला?

फोंड्याहून
टीव्हीचा एक रिमोट, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, साउंडबारचा तिसरा आणि आता फायर स्टिकचा (इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणाऱ्या काडीचा) चौथा. गोव्यात कितीतरी घरांत मुलं आखातात, बोटीवर किंवा बंगळूरला असतात आणि घरी म्हातारे आई-बाबा दोघंच. चवथीला मुलं येतात, हौसेने नवं काहीतरी जोडून देतात आणि परत जातात. मग संध्याकाळी टीव्हीवर 'नो सिग्नल' आलं की शेजारच्या मुलाला हाक मारायची, तो क्लासला गेला असेल तर बसून राहायचं.

माझ्या आईचं हेच व्हायचं. तिला रोज दिवेलागणीनंतर नाट्यसंगीत ऐकायचं असतं, आणि तेही साउंडबारवर, कारण टीव्हीचा आवाज तिला पत्र्याचा वाटतो. तिने त्यासाठी कोणावर अवलंबून राहू नये, म्हणून मी दुसऱ्या रिमोटची बटणं शिकून घेणारा रिमोट आणला. शिकवणं सोपं आहे. दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, तोंडाकडे तोंड करून ठेवायचे, मध्ये दोन-तीन बोटं अंतर. नव्याचं 'सेट' बटण त्याचा दिवा स्थिर पेटेपर्यंत दाबून धरायचं, मग जे बटण शिकवायचं ते दाबायचं आणि जुन्या रिमोटवरचं तेच बटण दाबायचं. दिवा लुकलुकला की शिकला. कोणत्या रिमोटला काय आधी दाबायचं ते थोडं वेगळं असतं, सोबतचा कागद टाकू नका.

खरं काम त्यानंतरचं. आईला लागतात मोजकी बटणं : टीव्ही चालू-बंद, बॉक्स चालू-बंद, चॅनल वर-खाली, आवाज वर-खाली. आवाजाच्या बटणाला मी टीव्हीचा नव्हे, साउंडबारचा आवाज शिकवला. बाकीच्या बटणांवर काळी इन्सुलेशन टेप, आणि चालू-बंदवर लाल नेलपॉलिश. 'इनपुट'चं, म्हणजे टीव्हीने कुठल्या वायरीवरचं चित्र दाखवायचं ते बदलणारं, बटण तर सर्वांत आधी झाकलं. आता ती स्वतः लावते, स्वतः बंद करते. ज्याला सगळ्यांत कमी जमतं त्याच्या हाताने रिमोटची परीक्षा घ्यावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

तुमच्या घरी काय केलंत ते सविस्तर लिहा.

मडगावहून
माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो. बहुतेक रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाने बोलतात. पुढचा एलईडी साधारणपणे सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याचे लहान-मोठे तुकडे म्हणजे कोड. कंपनीगणिक भाषा वेगळी, काहींचा वेगही वेगळा : सोनी 40 हजारांवर चालते, फिलिप्सची जुनी आरसी-5 पद्धत 36 हजारांवर. युनिव्हर्सल रिमोटमध्ये या सगळ्या भाषा आधीच भरलेल्या असतात, शिकणारा रिमोट समोरच्याचं ऐकून तसंच म्हणून दाखवतो.

'रिमोट गेला' म्हणून लोक येतात तेव्हा मी आधी मोबाइलचा कॅमेरा उघडतो. रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की पडद्यावर जांभळट ठिपका चमकतो. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारी गाळणी असते, तेव्हा सेल्फीचा कॅमेरा वापरावा. ठिपका दिसला तर रिमोट उजेड टाकतोय, मग कोड किंवा टीव्हीची बाजू तपासायची. काहीच दिसलं नाही तर आधी सेल बघा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्ध्या तक्रारी सेलच्याच. दमट, खारी हवा, सेल पाझरतो आणि स्प्रिंगवर हिरवट थर चढतो. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग स्पिरिट लावून पूर्ण वाळू द्या. वापरात नसलेल्या रिमोटमधले सेल जूनच्या आधीच काढून ठेवा. आणि मूळ रिमोट कधी फेकू नका! शिकवायला उद्या तोच लागेल.

म्हापशाहून
मला युनिव्हर्सल रिमोटची गरजच वाटत नाही. टीव्ही, साउंडबार, प्लेअर एचडीएमआयने जोडलेले असतील तर सीईसी, म्हणजे त्याच वायरीवरून एकाने दुसऱ्याला हुकूम द्यायची सोय, चालू करा. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. एका रिमोटने टीव्ही लावला की बाकीचे त्याच्यामागून उठतात. टीव्हीला एआरसीचं (टीव्हीचा आवाज बाहेर साउंडबारकडे पाठवणारं एचडीएमआयचं) भोक असेल तर साउंडबार तिथेच जोडा, आवाजही टीव्हीच्या रिमोटने होतो. फुकट आहे, सेटिंगमध्ये शोधा.

डिचोलीहून
म्हापसेकरांशी अर्धाच सहमत. आमच्या केबलच्या बॉक्सला सीईसी कळत नाही, आणि माझ्या सासऱ्यांचा टीव्ही तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींच्या काळातला. त्यांना युनिव्हर्सलच लागला.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. पावसात वीज जाते-येते. परत आली की बॉक्स आपोआप चालू होतो, टीव्ही मात्र झोपलेलाच. एका बटणाने सगळं लावणारा रिमोट असेल तर तो दोघांना 'पॉवर' पाठवतो : टीव्ही उठतो आणि बॉक्स बंद पडतो. कारण बहुतेक रिमोटवर चालू आणि बंद यांचा कोड एकच. काही टीव्हींना चालूचा वेगळा आणि बंदचा वेगळा कोड असतो, तो मूळ रिमोटवर दिसत नाही पण युनिव्हर्सलच्या यादीत सापडू शकतो. मिळाला तर तोच भरा. नाही मिळाला तर दोन वेगळी बटणं ठेवावीत, फोंड्याच्या ताईंनी ठेवली तशी.

साखळीहून
मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो तसा हा धागा ऐकतोय. रिमोट निवडताना मी आधी पाचाच्या बटणावर बोट ठेवतो. तिथे बारीक उंचवटा असला की बाकीचे आकडे आपोआप सापडतात. सगळी बटणं एकाच आकाराची आणि सपाट असतील तर तो रिमोट माझ्या कामाचा नाही. फोनमधलं रिमोटचं ॲप कितीही चांगलं असो, काचेवर बोटाला काहीच कळत नाही. मी आवाजाच्या बटणावर एम-सीलचा छोटा ठिपका चिकटवून घेतला आहे, चालू-बंदवर लांबट पट्टी. पूर्वी घरात रिमोट बदलला की भाऊ घरी येईपर्यंत माझा रेडिओच बरा होता. आता फुटबॉलची मॅच मी लावतो आणि घरचे माझ्याकडे चॅनल मागतात. याचं मला किती समाधान आहे ते लिहून सांगता येणार नाही.

कळंगुटहून
आमच्या गेस्ट हाउसच्या खोल्यांत टीव्ही वेगवेगळ्या काळात घेतलेले, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे. पाहुण्यांच्या सामानात रिमोट जातो, कधी वाळूत पडतो. आता सगळ्या खोल्यांत एकाच प्रकारचा युनिव्हर्सल रिमोट आहे आणि ऑफिसात दोन जास्तीचे. घेताना दुकानदाराला एकच विचारा : सेल काढले तर भरलेला कोड, म्हणजे टीव्हीच्या कंपनीसाठी रिमोटमध्ये घालायचा आकडा, राहतो का? स्वस्तातले काही रिमोट सेल बदलला की सगळं विसरतात, आणि कामाची मुलगी प्रत्येक वेळी कोड कुठे भरत बसणार. प्रत्येक टीव्हीच्या मागे त्याचा कोड मार्करने लिहून ठेवला आहे.

एसीचा रिमोट मात्र वेगळा घ्या. शिकणाऱ्या रिमोटला एसी नीट शिकवता येत नाही, कारण एसीचा रिमोट प्रत्येक दाबाला तापमान, पंखा, मोड असं सगळं मिळून एकदम पाठवतो. 'एक अंश वाढव' असा सुटा कोड नसतो. एका बटणाला '25 वर चालू' आणि दुसऱ्याला 'बंद' शिकवलं तर तेवढं चालतं.

वास्कोहून
बाल्कांवचं (घरापुढच्या ओसरीचं) दार उघडं असलं की दुपारी आमचा रिमोट नीट लागत नाही, पडदा ओढला की लागतो. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतंच. 1955 साली अमेरिकेत झेनिथने उजेडाच्या झोतावर चालणारा फ्लॅशमॅटिक नावाचा रिमोट काढला होता, त्याचे टीव्ही उन्हाने आपणच चॅनल बदलत. आताचे कोडमुळे फसत नाहीत, पण उन्हात त्यांना कमी ऐकू येतं.

पर्वरीहून
माझ्याकडे लॉजिटेकचा हार्मनी नावाचा युनिव्हर्सल रिमोट आहे. 'नाटक' दाबलं की टीव्ही, ॲम्प्लिफायर, प्लेअर योग्य क्रमाने लागतात, आणि काय चालू आहे ते तो लक्षात ठेवतो, म्हणून डिचोलीकरांची अडचण बरीच कमी होते. पण 2021 मध्ये कंपनीने हे रिमोट बनवणं थांबवलं. जुना कोणी विकत असेल तर बटणांचं रबर आणि चार्जिंग बघूनच घ्या.

पुण्याहून, माहेर पेडणे
आईच्या साळीत (बैठकीच्या खोलीत) मी वायफायवरून इन्फ्रारेड सोडणारी छोटी डबी ठेवली आहे. आईचा फोन आला की मी इथून तिचा टीव्ही नीट लावून देते. दोन अटी : आमच्या डबीला राऊटरचं 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय चालतं, आणि ती टीव्हीच्या समोर उघड्यावर हवी. कपाटात ठेवली तर उजेड बाहेरच येणार नाही.

काणकोणहून
साधा युनिव्हर्सल रिमोट फायर स्टिकला चालेल का? कालपासून बाबा विचारतायत.

मडगावहून
नाही चालणार. स्टिक ब्लूटूथवर ऐकते, इन्फ्रारेडवर नाही. तुम्ही उलटं करा. स्टिकच्या नव्या रिमोटवर आवाजाची आणि पॉवरची बटणं असतात, आणि ती टीव्हीसाठी इन्फ्रारेड सोडतात. सेटिंगमध्ये इक्विपमेंट कंट्रोल उघडा, टीव्हीची कंपनी निवडा, आवाज वाढतो का ते विचारेल, 'हो' म्हणा. साउंडबार असेल तर तोही तिथेच जोडता येतो. बाबा फक्त स्टिकवरच बघत असतील तर दुसरा रिमोट घ्यायची गरज नाही. केबलही बघत असतील तर बॉक्सच्या रिमोटवर 'टीव्ही' लिहिलेली वेगळी बटणं आहेत का बघा. अनेक बॉक्सच्या रिमोटवर ती शिकवता येतात, आणि ती पद्धत ताईंनी वर लिहिलीच आहे.