कोकणातल्या महाविद्यालयांत मूडल: घोडं अडतंय कुठे, मानसिकतेत की वेळापत्रकात?

वाशिष्ठी: प्राध्यापक मूडल ही ऑनलाइन शिक्षण प्रणाली वापरत नाहीत म्हटलं की 'मानसिकताच नाही' हे उत्तर तयार असतं. फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूपात कळीचे प्रश्न दोनच: मला याचा उपयोग काय, आणि वापरायला सोपं आहे का? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन. प्रश्नपेढी तयार करणं, चर्चेत उत्तरं देणं वेळापत्रकात कुठेच दिसत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तर मानधन घेतलेल्या तासाचं. तो एक पीडीएफ चढवून मोकळा होणारच!

काजूबी: साफ असहमत. हा त्रास पहिल्या वर्षापुरता. ८० जणांच्या वर्गाला दोन बहुपर्यायी चाचण्या म्हणजे १६० उत्तरपत्रिका आपोआप तपासून मिळतात. उपयोग आणखी काय हवा?

मुचकुंदी: प्रश्नपेढी भरायची कशी, तेही सांगा की. जुने प्रश्न श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. तसेच चिकटवले तर पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात रूपांतर, मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची. खरा वेळ खातं ते हेच. फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारातच साठवायची. एकेन या साध्या मजकूर-फाइलच्या पद्धतीने प्रश्न मूडलमध्ये आयात करताना पर्यायांपुढे ए, बी, सी ही इंग्रजी मोठी अक्षरंच लागतात. अ, ब, क लिहिलंत की आयात फसली. प्रत्येक प्रश्नाखाली 'आन्सर' हा शब्दही इंग्रजीतच, कॅपिटलमध्ये. प्रशिक्षण मात्र लॉगिन-पासवर्डातच संपतं.

शिवाय मूडल ज्या पीएचपी भाषेवर चालतं, तिची फाइल-अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी. सर्व्हरवर ती वाढवलेली नसेल तर ३० पानांची रंगीत स्कॅन फाइल चढत नाही, आणि बोल लागतो बिचाऱ्या नेटला.

सातबारा: आणि पावसाळ्यात? लाइट गेली, टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही गेली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. अशा भरवशावर कोण शिकवणार?

काजूबी: म्हणूनच व्हिडिओचा हट्ट सोडा. ६४ केबीपीएसचं तासाभराचं ध्वनिमुद्रण साधारण २९ एमबी, ३२ ला साडेचौदा. बोलण्याला तेवढं पुरतं. स्कॅन रंगीत ३०० डीपीआयऐवजी करड्या छटेत १५० वर करा. मूडलच्या मोबाइल अ‍ॅपवर अभ्यासक्रम उतरवून ठेवता येतो. चाचणीच्या सेटिंगमध्ये ऑफलाइनची परवानगी दिली की मुलं घरी सोडवतात, रेंज आली की उत्तरं वर जातात. फक्त वेळमर्यादा लावायची नाही, आणि बरोबर-चूक शेवटीच दाखवायचं. नाहीतर ऑफलाइन चालत नाही.

मुचकुंदी: वेळमर्यादा नाही म्हणजे उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार. सरावाला ठीक, अंतर्गत गुणांना नको. मग तुमच्या १६० उत्तरपत्रिका तपासायचं काम काही टळलं नाही, सर.

काजूबी: गुणांची चाचणी संगणक कक्षात घ्या, तुकड्या पाडून. तिथे वेळमर्यादाही लावता येते.

वाशिष्ठी: तुकड्यांवर देखरेखीचे तास कुणाच्या खात्यात? पुन्हा तिथेच आलो. पहिल्या सत्रात विषयामागे आठवड्याचा एक तास वेळापत्रकात दाखवा आणि तासिकावाल्यांना त्याचं मानधन द्या, मग मानसिकतेवर बोलू.

काजूबी: मानधनाच्या मागणीला पाठिंबा. पण ते मिळेपर्यंत सरावाची एक चाचणीसुद्धा लावायची नाही, हे पटत नाही.